रक्ताच्या रिपोर्टातली हवा

पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. शुगर वाढली का, हिमोग्लोबिन किती, क्रिएटिनिन ठीक आहे ना. शेजारच्या रकान्यात नॉर्मलची मर्यादा असते. आकडा तिच्यात बसला की रिपोर्ट फायलीत जातो आणि आपण आपल्या कामाला लागतो. पण त्या आकड्यांबरोबर लॅबच्या कॉम्प्युटरात आणखी दोन गोष्टी नोंदलेल्या असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. एक म्हणजे नमुना घेतल्याची तारीख आणि दुसरी म्हणजे रुग्णाचा पत्ता.

या दोन नोंदी हाताशी असल्या की त्या माणसाने त्या दिवशी, त्याआधीच्या तीन महिन्यांत किंवा त्याआधीच्या पाच वर्षांत साधारण कशा हवेत श्वास घेतला, याचा अंदाज बांधता येतो. एकाच माणसाच्या बाबतीत असा अंदाज बांधून हाती काही लागत नाही. लाखो माणसांच्या बाबतीत बांधला, तर मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि रक्तक्षय यांच्यात हवेचा वाटा किती, ते दिसू लागते. त्यासाठी नव्याने सुई टोचावी लागत नाही. रक्त आधीच काढलेले असते, चाचणीचे पैसेही भरून झालेले असतात.

हवेने माणसांचे काय होते हे कळायला पूर्वी मृत्यूच मोजावे लागत. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस धुरके बसून राहिले. त्या काळातल्या मृत्यूच्या नोंदींत नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसे जास्तीची निघाली, आणि पुढे फेरगणना करणाऱ्यांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९९३मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांचा हार्वर्ड विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ हजारांवर प्रौढांचा अनेक वर्षे मागोवा घेतलेल्या त्या अभ्यासात सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आढळला, तोही धूम्रपानासारख्या गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावर. हे अभ्यास फार मोलाचे आहेत. पण मृत्यू ही अगदी शेवटची नोंद झाली. तिच्याआधी शरीरात वर्षानुवर्षे काही बिघडत आलेले असते, आणि तो बिघाड मोजणारी यंत्रे आज तालुक्याच्या गावीही आहेत.

रक्त आणि हवा यांची गाठ कशी पडते, याचे एक जुने उदाहरण जर्मनीतले आहे. १९८४-८५च्या हिवाळ्यात ऑग्सबर्ग आणि आसपासच्या भागात ‘मोनिका’ या आंतरराष्ट्रीय हृदयरोग प्रकल्पासाठी हजारो नागरिकांचे रक्त तपासले जात होते. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, किती दाट आहे हेही त्यात मोजले जाई. नेमक्या त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९८५मध्ये, थंड हवा जमिनीलगत साचली आणि प्रदूषणाची मोठी लाट आली. हवेचा अभ्यास करावा असे रक्त घेणाऱ्यांच्या मनातही नव्हते. बारा वर्षांनी अ‍ॅनेट पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुन्यांच्या तारखा आणि हवेच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. प्रदूषणाच्या त्या दिवसांत रक्त दिलेल्यांमध्ये प्लाझ्मा फार दाट असण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले होते. दाट रक्त हृदयाला धोक्याचे. १९९७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या या निबंधाने वैद्यकाला एक नवी वाट दाखवली. दुसऱ्याच कामासाठी साठवलेल्या रक्ताच्या नोंदींतून हवेचा परिणाम वाचता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आता साहजिकच प्रश्न येतो की हवा फुप्फुसात जाते, मग तिचा मूत्रपिंडाशी किंवा साखरेशी काय संबंध? पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांचा आकार ध्यानात यावा. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव मोठे कण अडवतात, हे मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथे दाह सुरू होतो आणि त्या दाहाची रसायने रक्तातून सगळीकडे जातात. कणांतले सर्वांत बारीक तर स्वतःच रक्तात उतरतात. एडिंबरा येथील संशोधकांनी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म, निरुपद्रवी कण श्वासावाटे दिले. पंधरा मिनिटांपासून चोवीस तासांत ते सोने रक्तात सापडले, लघवीतही सापडले, आणि तीन महिन्यांनंतरही शरीरात त्याचा माग लागत होता. २०१७मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. नाकातून गेलेली वस्तू लघवीत सापडते म्हणजे तिचा रस्ता मूत्रपिंडातूनच गेला असणार.

क्रिएटिनिनची गोष्ट

साध्या, रोजच्या चाचण्यांवर उभा राहिलेला सर्वांत मोठा अभ्यास कोणता असे मला कोणी विचारले, तर मी सेंट लुईसचे नाव घेईन. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र आरोग्यव्यवस्था आहे. देशभर तिची रुग्णालये आहेत आणि सगळ्यांच्या नोंदी एकाच पद्धतीने कॉम्प्युटरात साठवल्या जातात. सेंट लुईसच्या अशाच एका रुग्णालयातले मूत्रपिंडतज्ज्ञ झियाद अल-अली आणि त्यांचे सहकारी बेंजामिन बो यांनी या नोंदी उघडल्या. एकेक पायरी पाहत गेले तर पद्धत कोणालाही समजेल अशी आहे.

पहिली पायरी चाचणीची. स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ तयार होतो आणि मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. गाळणी मंदावली की रक्तातले क्रिएटिनिन वाढते. या आकड्यात वय आणि लिंग घालून एक सूत्र मांडले की मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात त्याचा अंदाज येतो. रिपोर्टात तो ‘ईजीएफआर’ म्हणून छापलेला असतो. हा आकडा ६०च्या खाली गेला आणि तीन महिन्यांहून जास्त काळ खालीच राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. सुरुवातीला ज्यांची मूत्रपिंडे ठीक होती अशाच माणसांना अभ्यासात घेतले. त्यांची संख्या भरली २४ लाख ८२ हजार ७३७.

दुसरी पायरी हवेची. प्रत्येक सैनिक कोणत्या काउंटीत राहतो हे नोंदीत होते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. त्या काउंटीतल्या पीएम २.५चे प्रमाण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीवरून घेतले. मग उपग्रहाच्या मोजमापांवरून तीच आकडेमोड पुन्हा केली. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांनी एकच उत्तर आले, तर मोजपट्टीतल्या दोषाची भीती कमी होते.

तिसरी पायरी वाट पाहण्याची, पण ती मागे वळून पाहायची. नोंदी जुन्याच असल्यामुळे साडेआठ वर्षांचा काळ आधीच उलटून गेलेला होता. त्या वर्षांत माणसे आपापल्या कारणांनी रुग्णालयात येत राहिली, त्यांचे रक्त तपासले जात राहिले. कोणाचा ईजीएफआर कधी घसरला, हे तारखेनिशी मिळाले.

चौथी पायरी सर्वांत कष्टाची. प्रदूषित काउंटीत राहणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. तो गरीब असेल, जास्त सिगारेट ओढत असेल, त्याचे वजन किंवा रक्तदाब जास्त असेल. म्हणून वय, धूम्रपान, वजन, मधुमेह, रक्तदाब, औषधे आणि काउंटीतली गरिबी हे सारे हिशेबात घेऊन, शक्य तितक्या सारख्या माणसांची सारख्याच माणसांशी तुलना करावी लागली.

उत्तर असे आले. हवेत पीएम २.५ दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने जास्त असले की दीर्घकालीन मूत्रपिंडविकार होण्याचा धोका २७ टक्क्यांनी वाढतो, आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा धोका २६ टक्क्यांनी. टक्केवारीने घाबरून जाऊ नये, म्हणून एक काल्पनिक आकडेमोड करून पाहू. स्वच्छ भागातल्या हजार जणांपैकी ठरावीक काळात ५० जणांना हा विकार होत असेल, तर १० मायक्रोग्रॅमने मळलेल्या भागात तो साधारण ६३ जणांना होईल. एका माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान आहे. अख्ख्या देशाचा हिशेब मांडला तेव्हा त्या वेळच्या १२ मायक्रोग्रॅमच्या अमेरिकी मर्यादेपेक्षा जास्त हवेमुळे वर्षाला सुमारे ४५ हजार नवे मूत्रपिंडरुग्ण होतात, असा अंदाज निघाला. ही मर्यादा २०२४मध्ये ९वर आणली गेली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस ५ची आहे. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा आहे ४०.

खोटा संबंध कसा पकडायचा

मला या मंडळींचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते त्यांच्या पुढच्या कामासाठी. २०१८मध्ये त्यांनी १७ लाखांवर माजी सैनिकांच्या नोंदींवरून मधुमेहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर १० मायक्रोग्रॅमला धोका १५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पण हा आकडा खरा की हिशेबातल्या एखाद्या लपलेल्या चुकीचे फळ, हे कसे ठरवायचे? त्यांनी दोन सापळे लावले.

पहिला सापळा असा, की प्रदूषणाशी ज्याचा संबंध असण्याचे काही कारण नाही असा आजार निवडायचा. त्यांनी पायाचे हाड मोडणे हा प्रकार घेतला. त्याच माणसांवर, त्याच सूत्रांनी पीएम २.५ आणि पायाचे हाड मोडणे यांचा संबंध तपासला. संबंध निघाला असता, तर आपली पद्धत कुठेतरी फसते आहे हे कळले असते. संबंध निघाला नाही. दुसऱ्या सापळ्यात हवेतलाच, पण मधुमेहाशी संबंध असण्याचे कारण नसलेला घटक घेतला, तो म्हणजे हवेतले सोडियम. त्याचाही मधुमेहाशी संबंध निघाला नाही. संशोधकाने स्वतःच्याच निष्कर्षाला खोटे पाडण्याचा असा मनापासून प्रयत्न करावा, याचा अर्थ त्याला उत्तरापेक्षा खरेपणाची काळजी जास्त आहे. अशा अभ्यासावर मी विश्वास ठेवतो.

या अभ्यासांची एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. अमेरिकेचे माजी सैनिक म्हणजे प्रामुख्याने वयस्क पुरुष, त्यातही बहुसंख्य गोरे. त्यांच्या आकड्यावरून चाळीस वर्षांच्या बाईचा धोका थेट सांगता येत नाही. शिवाय त्यांची हवा आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

प्रत्येक चाचणीचा काळ वेगळा

रिपोर्टावरचा आकडा हवेशी जोडायचा, तर आधी ठरवावे लागते की कोणत्या दिवसांची हवा घ्यायची. हे चाचणीवर अवलंबून असते. दाह दाखवणारे सीआरपी रक्तातून एकोणीस-वीस तासांत निम्मे होते, म्हणून त्याच्या जोडीला गेल्या एक-दोन दिवसांची हवा बघायची. फास्टिंग शुगर दिवसांचा आणि आठवड्यांचा हिशेब सांगते. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही चाचणी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवते आणि तिच्यासाठी तीन महिन्यांचीच हवा घ्यायला हवी. मूत्रपिंडांची घसरण वर्षांची असते. क्रिएटिनिनला कालच्या धुरक्याशी जोडले तर काहीच हाती लागणार नाही, आणि सीआरपीला पाच वर्षांच्या सरासरीशी जोडले तरी नाही.

एचबीएवनसीमध्ये आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. लोहाची कमतरता असली की ही चाचणी साखर न वाढताही थोडा वरचा आकडा दाखवू शकते. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, तिथे एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिन ठेवल्याशिवाय हवेबद्दल काही बोलणे धाडसाचे ठरेल.

हवेच्या बाजूलाही अडचणी आहेत. हवा मोजणारी केंद्रे शहरांत दाटलेली असतात आणि खेड्यांत जवळजवळ नसतात. ही पोकळी उपग्रह भरून काढतात. नासाच्या टेरा आणि अक्वा या उपग्रहांवरचे यंत्र वातावरणातल्या धुळीने आणि धुराने सूर्यप्रकाश किती अडवला ते मोजते. त्यावरून, वारा, आर्द्रता, रस्ते, जमिनीवरची केंद्रे यांची जोड देऊन, एक किलोमीटरच्या चौकोनापर्यंत पीएम २.५चा दिवसनिहाय अंदाज काढता येतो. मात्र ढगांतून उपग्रहाला खालचे दिसत नाही. कोकण आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने ही मोठीच उणीव असते. ती गणिती प्रारूपांनी भरावी लागते आणि ते आकडे तितक्याच सावधपणे वापरावे लागतात.

दिल्ली आणि चेन्नई

भारतातला एक चांगला अभ्यास दिल्ली आणि चेन्नईतल्या बारा हजारांवर प्रौढांचा आहे. त्यांचे रक्त २०१० ते २०१७ या काळात पुन्हा पुन्हा तपासले गेले. या चाचण्या मुद्दाम अभ्यासासाठी केलेल्या होत्या, पण चाचण्या आपल्या ओळखीच्याच, फास्टिंग शुगर आणि एचबीएवनसी. घराच्या पत्त्यावरून प्रत्येकाच्या वाट्याची हवा काढली. महिन्याची सरासरी पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढली की फास्टिंग शुगर सरासरी ०.४० मिलिग्रॅमने वाढते, असे दिसले. वर्षाच्या सरासरीत दहाचा फरक असला की नव्याने मधुमेह होण्याचा धोका २२ टक्क्यांनी जास्त.

०.४० हा आकडा वाचून कोणीही म्हणेल की एवढ्याने काय होते. एकाच माणसाची फास्टिंग शुगर आज ९८ आणि परवा १०३ येऊ शकते. रात्रीचे जेवण, झोप, ताण, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. हे खरेच आहे, आणि म्हणूनच आपला रिपोर्ट हातात घेऊन त्यातली किती साखर हवेने वाढवली हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. पण असे हजारो रिपोर्ट एकत्र केले की जेवणाने, झोपेने झालेले चढउतार एकमेकांना खोडून काढतात. कारण ते प्रत्येकाचे वेगवेगळ्या दिशेने होतात. हवा मात्र सगळ्यांना एकाच दिशेने ढकलते, आणि ती ढकल सरासरीत उरते.

पुढे असेही पाहावे की दिल्लीत पावसाळ्याची हवा आणि नोव्हेंबरची हवा यांच्यातले अंतर दहाचे नसते, ते शंभराच्या पलीकडेही जाते. शिवाय मधुमेहाची रेषा १२६वर आहे, आणि तिच्या अलीकडे १००पासून १२५पर्यंत फार मोठा जमाव उभा आहे. सगळे शहर जरासे पुढे सरकले तर त्या जमावातली कडेची माणसे रेषा ओलांडतात. प्रत्येकाच्या बाबतीत थोडा असलेला धोका शहराच्या बाबतीत मोठा होतो तो असा.

इथे ऋतूचा घोटाळा सांभाळावा लागतो. थंडीत साखर तशीही थोडी वाढते, कारण माणसे कमी चालतात आणि जास्त खातात. थंडीतच हवाही खराब होते. दोन्ही एकाच वेळी घडते म्हणून एकाने दुसरे घडवले असे होत नाही. त्यामुळे तापमान, महिना, सणवार हिशेबात घ्यावे लागतात. किंवा त्याच माणसाची स्वतःशीच तुलना करावी लागते, म्हणजे सारख्याच थंडीच्या पण वेगळ्या हवेच्या दिवशी त्याचा आकडा काय होता ते पाहावे लागते. दिवाळीनंतरच्या आठवड्यातली साखर फराळाने वाढली की फटाक्यांनी, हे अशी काळजी घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

हिमोग्लोबिन आणि देवनार

मला सर्वांत अस्वस्थ करणारी चाचणी हिमोग्लोबिनची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाचव्या फेरीपर्यंत देशभर घरोघरी जाऊन बोटाच्या एका थेंबावर हिमोग्लोबिन तपासले जात असे. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पाचव्या फेरीत ५७ टक्के. आपण आजवर याचे उत्तर लोहाच्या गोळ्या आणि पालेभाज्यांत शोधत आलो. आयआयटी दिल्लीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने चौथ्या फेरीचे आकडे हवेच्या आकड्यांशी जोडले गेले. २०२२च्या त्यांच्या निबंधानुसार पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले की रक्तक्षयाचे सरासरी प्रमाण सुमारे सात टक्क्यांनी वाढते. देशाने स्वतःचीच ४०ची मर्यादा पाळली असती, तर ५३ टक्क्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आले असते, असा त्यांचा अंदाज आहे.

यामागची संभाव्य साखळी अशी. शरीरात सतत दाह राहिला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते. हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषले जाऊ देत नाही आणि साठ्यातले लोहही अडकवून ठेवते. बाई गोळी घेते, पण गोळीतले लोह रक्तापर्यंत पुरते पोहोचत नाही. अर्थात एका वेळच्या सर्वेक्षणावरून कार्यकारण पक्के होत नाही, आणि चुलीचा धूर, आहार, जंत, मासिक पाळी यांचा गुंता सोडवणे कठीणच आहे. तरीही गोळ्या वाटणाऱ्या आशाताईला आणि तिच्या वरच्या अधिकाऱ्यांना हा दुवा माहीत असायला हवा, असे मला वाटते.

हे सर्वेक्षण चालवणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे. १९२७पासून चालत आलेले, जानेवारी २०१६मध्ये अनेक दिवस धुमसलेले कचरा-डेपोचे डोंगर त्याच परिसरात आहेत. देशभरातल्या बायकांच्या हिमोग्लोबिनचे आकडे जिथे जमा झाले, तिथल्याच गोवंडीतल्या बायका कोणती हवा घेतात, याची नोंद त्या आकड्यांशी सहज जोडता येण्यासारखी आहे.

चाचणी कोणाची होते

रोजच्या चाचण्यांवर अभ्यास करण्यातला सर्वांत मोठा धोका साधा आहे. चाचणी सगळ्यांची होत नाही. ज्याला थकवा येतो, ज्याच्या डॉक्टरला शंका येते, ज्याच्याकडे पैसे आहेत किंवा ज्याचा विमा आहे, त्याचीच होते. समजा प्रदूषित वस्तीत लोक खोकल्यासाठी जास्त वेळा डॉक्टरकडे जातात आणि डॉक्टर हाताशी आहे म्हणून शुगरही बघतात. मग तिथे मधुमेह जास्त सापडेल, पण तो जास्त शोधल्यामुळे. उलट बाजूने, गरीब वस्तीत चाचणीच होत नसेल तर तिथला आजार आकड्यांत दिसणारच नाही आणि हवा निर्दोष ठरेल. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण तिच्यात जो जास्त सोसतो तोच हिशेबातून गळतो. यावर उपाय आहेत. एकदा तरी तपासल्या गेलेल्यांनाच घेऊन पुढच्या चाचण्या पाहणे, कोण किती वेळा डॉक्टरकडे गेला हेही मोजणे, आणि सर्वांची समान तपासणी झालेल्या सर्वेक्षणाशी उत्तर ताडून बघणे.

लॅबालॅबांतला फरक हीदेखील डोकेदुखीच असते. क्रिएटिनिन मोजण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. एका शहरात एक पद्धत आणि दुसऱ्यात दुसरी असेल, तर हवेचा म्हणून दिसलेला फरक प्रत्यक्षात यंत्राचा असू शकतो. म्हणून निकालाबरोबर पद्धतही नोंदलेली असावी लागते.

आणि खासगीपणाचे काय? पत्ता आणि आजार एकत्र आले की माणूस ओळखता येतो. यावर एक वापरात असलेला मार्ग सांगतो. जागतिक लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणांत घरांच्या गटाचे ठिकाण संशोधकांना देताना मुद्दाम थोडे सरकवून दिले जाते, शहरात दोन किलोमीटरपर्यंत आणि खेड्यात सहसा पाच किलोमीटरपर्यंत. हवेचा अंदाज त्याने फारसा बिघडत नाही, पण घर सापडत नाही. दुसरा मार्ग असा, की पत्ता रुग्णालयाबाहेर जाऊच द्यायचा नाही. हवेचा नकाशा रुग्णालयात आणायचा, जोडणी तिथेच करायची आणि पत्ता पुसून फक्त ‘या माणसाची तीन महिन्यांची हवा इतकी’ हा आकडा पुढे द्यायचा.

चंद्रपूरसाठी

महाराष्ट्रात हे करायला बरेचसे सामान आधीच आहे. २०१७पासून राज्याची महालॅब योजना प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून सरकारी रुग्णालयांपर्यंत रक्त-लघवीच्या चाचण्या मोफत करते. खासगी लॅबपर्यंत कधीच न पोहोचणारी खेड्यातली, गरीब घरांतली माणसे तिच्यात येतात, हे अभ्यासाच्या दृष्टीने सोन्यासारखे आहे. हवेच्या बाजूने पुण्यातल्या पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जिची ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा पुण्या-मुंबईत चालते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी केंद्रे आहेत आणि उपग्रहाचे आकडे तर फुकट मिळतात.

कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी चंद्रपूर सांगेन. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र तिथे आहे, आणि तिथल्या माणसांनी हवेबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. पण चंद्रपूरचे काम सोपे नाही, हेही सांगायला हवे. तो जिल्हा देशातल्या सर्वांत उष्ण जिल्ह्यांपैकी एक आहे. उन्हात राबून शरीर वारंवार कोरडे पडले की मूत्रपिंडांवर त्याचाही ताण येतो. काही तालुक्यांत विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. म्हणजे क्रिएटिनिन वाढलेले दिसले की लगेच चिमणीकडे बोट दाखवता येणार नाही. सारख्याच उन्हाची, सारख्याच पाण्याची, पण वाऱ्याच्या दिशेमुळे वेगळी हवा मिळणारी गावे निवडून त्यांची तुलना करावी लागेल.

त्याहून पक्का पुरावा मिळतो तो धूर थांबतो तेव्हा. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात एक पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६पासून सुमारे तेरा महिने बंद होता. आर्डन पोप यांनी रुग्णालयांच्या साध्या नोंदी पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या विकारांनी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. माणसे तीच, थंडी तीच, दवाखाने तेच.

चंद्रपूर केंद्राचे २१० मेगावॉटचे दोन सर्वांत जुने संच २०१६च्या सुमारास कायमचे बंद झाले. त्या वेळी महालॅब नव्हती, त्यामुळे आसपासच्या गावांतले आधीचे आणि नंतरचे क्रिएटिनिन आज एका जागी शोधायला गेले तर मिळत नाही. त्याच केंद्रातले उरलेले जुने संचही केव्हातरी निवृत्त होतील. तोवर दर चाचणीबरोबर गावाचे नाव, चाचणीची पद्धत आणि त्या गावातले वास्तव्य किती वर्षांचे हे नीट नोंदले जात असेल, तर त्या दिवसाच्या आधीची पाच वर्षे आणि नंतरची पाच वर्षे शेजारी ठेवून पाहता येतील.